डिस्चार्ज बुकात ‘पूर्वी स्टार’ मेडल नाही, आणि आबा म्हणतात असू दे

पत्र

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, 1967 मध्ये बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि 1984 मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मूळ गाव जावळी तालुक्यातलं, आता बरीच वर्षं आम्ही पुण्यात धायरीत राहतो. 1971 च्या लढाईत ते 1 मराठात, म्हणजे रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत होते, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. डाव्या पोटरीत छर्रे घुसले. आधी गुवाहाटीचं लष्करी इस्पितळ, मग पुण्याचं कमांड हॉस्पिटल. बरे झाल्यावर त्यांना बेळगावच्या सेंटरला पाठवलं आणि तिथून दुसऱ्या पलटणीत.

परवा ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) कामासाठी त्यांचं डिस्चार्ज बुक काढलं. मेडलांच्या रकान्यात सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या 25व्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस, एवढंच. पूर्वी स्टार, म्हणजे पूर्व आघाडीवरच्या सेवेचं मेडल, नाही, जखमेचं मेडलही नाही. त्यांच्याच कंपनीत असलेल्या कराडच्या काकांकडे पूर्वी स्टार आहे. आबांना विचारलं तर म्हणतात, "पलटणीला माहीत आहे, असू दे." भाऊ म्हणतो, पन्नास वर्षांनी कोण ऐकणार. ओळखीतला एक एजंट पंधरा हजारांत "दिल्लीतून करून" देतो म्हणतोय, शिवाय महिन्याला पैसेही सुरू होतील म्हणे. नोव्हेंबरात माझ्या मुलाचं लग्न आहे. तोपर्यंत होईल का? नाहीतर पुण्याच्या कॅम्प भागातून मेडलं विकत आणून लावली तर चालतील का?

— एक मुलगी, धायरी

उत्तर

ताई, आधी त्या एजंटाला नारळ द्या. रेकॉर्डमधली नोंद दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही. "महिन्याला पैसे सुरू होतील" ही तर शुद्ध थाप आहे. पूर्वी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल ही त्या त्या लढाईत किंवा मुलखात सेवा केल्याची मेडलं. त्यांच्यावर भत्ता नसतो. भत्ता असतो तो शौर्य पदकांवर. 1 ऑगस्ट 2017 पासूनचे दर पाहिले तर परमवीर चक्राला महिना 20,000, महावीर चक्राला 10,000, वीर चक्राला 7,000 आणि शौर्यासाठी मिळालेल्या सेना मेडलला 2,000 रुपये. शौर्य पदकं भारताच्या राजपत्रात जाहीर होतात, त्यामुळे तिथे लपवाछपवीला जागाच नाही. एजंट लोक या दोन गोष्टींची मुद्दाम सरमिसळ करतात. सैनिकाच्या घरी जाऊन सैनिकालाच त्याचं मेडल विकायला काढणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगतो, जी तुम्ही सहज लिहून गेलात. बुकात संग्राम मेडल आहे आणि पूर्वी स्टार नाही. 1971 च्या लढाईसाठी तीन मेडलं निघाली. पूर्व आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सेवेत असलेल्यांना, मग ते आघाडीवर असोत की मागे, संग्राम मेडल. म्हणजे रेकॉर्डच्या लेखी आबा 1971 साली फौजेत होते, पण पूर्वेला गेलेच नव्हते. माणूस जमालपूरला पोटरीत लोखंड घेऊन पडला होता आणि कागदावर तो बेळगावात बसलेला आहे.

हे कसं होतं, ते क्लार्क म्हणून नोकरी केलेल्या माणसाला लगेच कळतं. मेडल लढाईच्या दिवशी मिळत नाही. मेडल जाहीर होतं नंतर, मग पलटण नॉमिनल रोल बनवते: हे एवढे जवान त्या मुदतीत आमच्या हजेरीपटावर होते. तो रोल रेकॉर्ड ऑफिसला जातो, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदी बदलणारा लेखी हुकूम) निघते, आणि त्या ऑर्डरीवरून जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रकात, नोंद चढते. आता जखमी जवानाचं काय होतं बघा. तो इस्पितळात गेला की काही काळाने पलटणीच्या पटावरून कमी होतो. बरा झाला की सेंटरला. तिथून नव्या पलटणीत. जुन्या पलटणीचा क्लार्क रोल बनवतो तेव्हा हा त्याच्या पटावर नाही. नव्या पलटणीच्या क्लार्कला हा लढाईत कुठे होता याचा पत्ता नाही, तो आपल्या पलटणीचा रोल बघून मोकळा. कराडचे काका धडधाकट राहिले, पलटणीतच राहिले, त्यांचं नाव रोलवर आलं. आबांच्या बाबतीत असंच झालं असणार असा माझा अंदाज आहे. लढाईत ज्याचं रक्त सांडलं त्याचंच नाव दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत पडतं. यात कुणाची बदमाशी नसते. पण म्हणून ते तसंच राहू द्यावं असंही नाही.

अंदाज बरोबर आहे की नाही, हे शीट रोल सांगेल. डिस्चार्ज बुक ही जवानाला घरी जाताना दिलेली वही. तिच्यात क्लार्कने घाईत जे उतरवलं तेवढंच असतं. खरी कुंडली म्हणजे शीट रोल, आणि तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात, बेळगावला. तेव्हा पहिला अर्ज मेडलासाठी करूच नका. पहिला अर्ज शीट रोलच्या साक्षांकित प्रतीसाठी करा. सोबत दोन पार्ट टू ऑर्डरींची प्रत मागा: 1971-72 मधल्या जखमेची आणि इस्पितळात भरती झाल्याची एक, मेडलांची दुसरी. अर्ज आबांच्या नावाने, आबांच्या सहीने. हिंदीत चालतो. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर तोच मजकूर माहितीच्या अधिकारात टाका. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून घरबसल्या होतं, नातवाला सांगा. फक्त एक लक्षात ठेवा, आरटीआयने कागद मिळतो, दुरुस्ती होत नाही. "मेडल का दिलं नाही, खुलासा करा" असं लिहिलंत तर उत्तर येईल की हा माहितीचा विषय नाही, आणि तुमचा महिना वाया जाईल.

शीट रोल हातात आला की तीनपैकी एक चित्र दिसेल. पूर्वी स्टारची नोंद शीट रोलमध्ये आहे आणि फक्त डिस्चार्ज बुकात राहून गेली, तर काम अगदी सोपं. मूळ डिस्चार्ज बुक रेकॉर्डला पाठवायचं (आधी पानन् पान स्कॅन करून), नोंद चढून परत येतं. नोंद आहे पण मेडल हातात मिळालं नाही, तर मेडल देण्यासाठी अर्ज. मेडलवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, त्यामुळे ते दिल्लीच्या मेडल विभागातून यायला वेळ लागतो. आणि तिसरं, म्हणजे नोंदच नाही. तुमच्या बाबतीत हेच निघेल असं मला वाटतं, म्हणून यावर जरा थांबून लिहितो.

नोंदच नसेल तेव्हा रेकॉर्ड ऑफिसला एकच गोष्ट पटवायची असते: लढाईच्या दिवसांत आबा 1 मराठाच्या पटावर होते आणि 1 मराठा पूर्वेला होती. यातलं दुसरं सिद्ध करायची गरजच नाही. जंगी पलटण, म्हणजे 1 मराठाच, जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती आणि 10 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीने तो वेढा फोडायचा प्रयत्न केला तो तिच्याच अंगावर, हे सगळ्या फौजेला माहीत आहे. पहिल्यासाठी कागद लागतात. शीट रोलमध्येच बदल्यांची पानं असतात, त्यात 1 मराठातून पट कमी झाल्याची तारीख शोधा. ती डिसेंबर 1971 मधल्या लढाईनंतरची असेल तर तुमचं अर्धं काम रेकॉर्डच्याच कागदाने केलं. मग जखमेची ऑर्डर. तिच्यात तारीख, जागा आणि "शत्रूच्या कारवाईत" असा उल्लेख सापडला तर बाकी काही मिळालं नाही तरी चालेल.

घरातही शोधा. ट्रंकेत आबांनी आजीला लिहिलेली आंतरदेशीय पत्रं असतील. पत्त्यात 99 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आहे की 56 एपीओ ते बघा. पूर्वेकडच्या पलटणींची टपाल 99 वरून जायची, पश्चिमेकडची 56 वरून. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. भिंग लावून वाचा आणि उजेडात नीट फोटो काढा, कारण ती शाई आता उडत चाललेली असते. इस्पितळातून सुटतानाची चिठ्ठी असेल तर सोन्याहून पिवळं. ग्रुप फोटो, रिबन लावलेले फोटो जोडायला हरकत नाही, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका.

कराडच्या काकांचं प्रतिज्ञापत्र मात्र आजच्या आज करून घ्या. त्यात त्यांचा आर्मी नंबर, हुद्दा, कंपनी, आबा त्याच कंपनीत होते, कुठे आणि केव्हा जखमी झाले, कुणी मागे नेलं, एवढं यायला हवं. सोबत त्यांच्या डिस्चार्ज बुकातल्या पूर्वी स्टारच्या पानाची झेरॉक्स. "शूर जवान होते, देशासाठी लढले" वगैरे वाक्यं वकील घालतील, ती काढून टाकायला सांगा. रेकॉर्डचा माणूस तारीख आणि नंबर शोधत असतो.

अर्जाचा मुख्य भाग असा ठेवा, यापेक्षा लांब नको:

"मी, नंबर अमुक, हवालदार अमुक, दिनांक अमुक ते अमुक 1 मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पटावर होतो. डिसेंबर 1971 मध्ये पलटणीसोबत पूर्व आघाडीवर सेवा केली व जमालपूर येथे शत्रूच्या गोळीबारात जखमी झालो. जखमेमुळे पट बदलल्याने पूर्वी स्टारच्या नॉमिनल रोलमध्ये माझे नाव राहून गेले असावे. सोबतच्या कागदांच्या आधारे पार्ट टू ऑर्डर काढून शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद करावी."

खाली जोडलेल्या कागदांची यादी, आबांची सही, फोन नंबर, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. जखमी होऊन मागे आल्यामुळे हक्क जात नाही, ही शंका मनात असेल तर काढून टाका. अशा मेडलांच्या नियमांत मृत्यूने किंवा जखमेने सेवा खंडित झाली तर मुदतीची अट आड येत नाही.

नावाचं मात्र फार जपा. आपल्याकडच्या निम्म्या केसेस इथेच अडकतात. भरतीच्या वेळी क्लार्कने ऐकलं तसं लिहिलं. रामचंद्रचा रामा झाला, आडनाव आधी गेलं, गावाच्या नावाची इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. आधारवर एक, पीपीओवर दुसरं, पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर तिसरं. अर्जात डिस्चार्ज बुकात आहे अक्षरशः तेच नाव लिहा, चुकीचं वाटलं तरी. नाव सुधारायचं असेल तर तो स्वतंत्र अर्ज, आणि तो आधी करा. मेडलवर कोरलं गेलेलं नाव पुन्हा दुरुस्त करत बसणं कुणालाच नको असतं.

जखमेच्या मेडलाची गोष्ट वेगळी, म्हणून तो अर्जही वेगळा. वुंड मेडल, म्हणजेच पराक्रम पदक, सुरू झालं 1973 मध्ये, पण लागू आहे स्वातंत्र्यापासूनच्या लढायांना. शत्रूच्या थेट कारवाईत झालेली जखम हवी. खंदकात पाय मुरगळला, गाडी उलटली, हे त्यात बसत नाही. यासाठी जखमेची पार्ट टू ऑर्डर किंवा इस्पितळाचे कागद जवळजवळ अनिवार्यच समजा, सोबत्याच्या प्रतिज्ञापत्रावर हे निभणं कठीण. तेव्हा आधी पूर्वी स्टार मार्गी लावा. तो झाला की आबा त्या दिवशी तिथे होते हे रेकॉर्डनेच मान्य केलेलं असेल, आणि दुसऱ्या अर्जाला बळ येईल. पायाच्या दुखण्यासाठी वॉर इंज्युरीची पेन्शन मिळेल का, असं तुमच्या भावाच्या मनात येईलच. तो पेन्शनचा विषय आहे, त्याला निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचे कागद लागतात. या अर्जात त्याचा शब्दही नको. पैशाची मागणी दिसली की साधी नोंदीची फाइल दुसऱ्या टेबलावर जाते आणि तिथेच मुरते.

भाऊ म्हणतात पन्नास वर्षांनी कोण ऐकणार, त्यात थोडं तथ्य आहे. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करायची तरतूद फौजेच्या नियमांत आहे, त्यांच्या बाबतीत मग नुसता लाँग रोल उरतो, ज्यात मोजकीच माहिती असते. आबा पेन्शनर आहेत, त्यांची फाइल जिवंत आहे. पण कराडच्या काकांचं वय थांबलेलं नाही. कागद एकवेळ मिळतो, साक्षीदार मिळत नाही.

अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, आणि एक प्रत पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. तिथले कल्याण संघटक बहुधा माजी सैनिकच असतात. त्यांच्या पत्रासोबत गेलेला अर्ज रेकॉर्डमध्ये लवकर उघडला जातो, हे फौजेत सगळेच जाणतात. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे, घोरपडीत राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर. पण तिथे धाव घ्यायची वेळ बहुतेक येणार नाही. बेळगावला स्वतः जायचं असेल तर फोन करून जा, आबांना घेऊन जा. पेन्शनर हवालदार समोर उभा राहिला की रेकॉर्डचा पोरगा क्लार्क उठून उभा राहतो आणि फाइल शोधतो.

रेकॉर्डने नकार दिला तर तो लेखी घ्या, कारणासकट. मग आर्मी हेडक्वार्टर्सकडे दाद, आणि तिथेही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जायचं असतं. एवढी वेळ यावी असं तुमच्या केसमध्ये मला काही दिसत नाही.

हे वाचून इतरांचे फोन येतील, म्हणून थोडक्यात सांगतो. बॉम्बे सॅपर्सवाल्यांचं रेकॉर्ड इथेच खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नौदलाच्या सेलर मंडळींचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अफसरांचं काम दिल्लीच्या हेडक्वार्टर्समधून चालतं.

राहिले आबा. "पलटणीला माहीत आहे" म्हणणाऱ्या माणसाला मेडलासाठी अर्ज करायला लावणं सोपं नाही, आणि त्यांच्या सहीशिवाय काहीच हलणार नाही. तुम्ही सगळे मिळून आग्रह करू नका. मेडल मागणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटत असेल. त्यांना एवढंच सांगा, रेकॉर्डमध्ये तुम्ही बेळगावात होतात असं लिहिलंय. मग बघा. खोटी नोंद जुन्या फौजीला सहन होत नाही. आणि माहिती काढताना "लढाईत काय झालं" असं विचारू नका, ते गप्प बसतील. कंपनी कुठली, प्लाटून कमांडर कोण, डाव्या बाजूला कोण होता, उचलून कुणी नेलं, असं विचारा. त्याची उत्तरं देतील, आणि नेमकी तीच अर्जाला हवीत. हे विचारायचं काम नातवाला द्या. मुलीला जे सांगत नाहीत ते नातवाला सांगतात.

नोव्हेंबरपर्यंत काम होईल, हे मी कबूल करणार नाही. शीट रोलची प्रत आली तरी खूप. कॅम्पातल्या लष्करी दुकानांत सगळी मेडलं विकत मिळतात हे खरं, आणि त्यात गैर काही नाही. सरकारी मेडलं वेळेवर हातात न आल्याने नोकरीतले जवानसुद्धा तिथूनच घेऊन लावत आले आहेत. पण जे रेकॉर्डमध्ये आहे तेच लावायचं. पूर्वी स्टार त्यांनी कमावला आहे, यात मला तिळमात्र शंका नाही, तरी तो आत्ता लावू नका. वऱ्हाडात एखादा जुना सुभेदार निघाला आणि त्याने सहज विचारलं तर आबांना उत्तर द्यावं लागेल, आणि ते खोटं बोलणार नाहीत. नोंद असलेली चार मेडलं बारवर (छातीवर लावायच्या पट्टीवर) बांधून घ्या. दुकानदाराला डिस्चार्ज बुकाचं पान दाखवा, क्रम तो बरोबर लावतो. बारवर स्टारसाठी मोकळी जागा सोडायला सांगू नका, तसं बांधत नाहीत. नोंद आली की त्याच दुकानात पाचांचा बार नव्याने बांधून मिळेल.